डाव्या तळव्यावरची पाकोळी

पहाटे पाच वाजता लोवेल हॅस्किन मिठाच्या कोरड्या तळ्यावर पोचला, तेव्हा त्याचं यंत्र आधीच शूटिंगच्या खुणेवर उभं होतं.

त्याचा जीव भांड्यात पडला. यंत्र रात्रीतून लॉस एंजेलिसहून पेटीत बंद होऊन यायचं होतं, आणणारी त्याची जुनी ट्रकवाली ग्वेन. पलीकडे पांढऱ्या ट्रकांची रांग होती, सगळे सारखे, सगळ्यांचे पडदे ओढलेले. रात्रभर ट्रक हाकणाऱ्याची झोप मोडायची नाही, हा शूटिंगवरचा पक्का नेम. दिग्दर्शकसुद्धा त्या दारांवर टकटक करत नाही. ग्वेन नेमकी कुठल्या ट्रकात झोपलीय ते कळेना, म्हणून लोवेलने सगळ्या रांगेलाच टोपी उचलून दाखवली. बाईने पेटीतून काढून उभंही करून ठेवलं होतं. वीस वर्षांत शिकली म्हणायची.

मग तो यंत्राभोवती सावकाश फिरला. एकेक हाड त्याने हाताने घासलेलं. चाळीस वर्षांच्या कामातलं हे शेवटचं आणि सगळ्यांत देखणं. खोड एकच. सातव्या पावलाला डावा गुडघा कुरकुरायचा आणि यंत्र बसकण मारायचं.

आज बारा पावलं चालायचं होतं.

सिनेमाच्या पहिल्या भागात हे यंत्र उद्याच्या काळातून माणसं मारायला आलं होतं. दुसऱ्या भागात ते आणखी क्रूर होऊन येतं. पेटत्या गाडीतून नायिका सरपटत बाहेर पडते आणि ज्वाळांतून ते तिच्या मागे चालत येतं. दिग्दर्शक प्रुइटने काल स्पष्टच सांगितलं होतं. गाडी एक, आग एक, टेक एक. यंत्र अडलं तर तो ते कॉम्प्युटरवर काढून घेणार. मग लोवेलने कारखान्याला कुलूप लावावं आणि परसात टोमॅटो लावावेत.

नायिकेच्या जागी आगीत शिरणार होती रेनाटा इबारा. बावन्न वर्षांची, अंगावर जुन्या भाजल्याच्या खुणा, हातात अर्धा खाल्लेला बरीटो. तिने यंत्राच्या छातीवर बोटांनी टकटक केली.

"काय रे खुन्या, आज चालणारेस का? का मीच घेऊ तुला पाठीवर?"

"चालेल तो," लोवेल म्हणाला.

"तुझा आवाज तर तसं म्हणत नाही."

 लोवेल यंत्राच्या गुडघ्यात तेल घालायला वाकला. गुडघ्यात तेल आधीच होतं.

सूर्य डोंगरावर आला आणि मीठ गुलाबी झालं. रेनाटा आडव्या पाडलेल्या गाडीत शिरली, पट्टा बांधला. गाडी पेटली. लोवेलने हातातल्या रिमोटच्या पेटीवरचं बटण दाबलं. अंगठा टेकायच्या केसभर आधीच यंत्राचा पाय उचलल्यासारखा त्याला वाटला. म्हातारा अंगठा, तो मनात म्हणाला.

पाच. सहा. सात. गुडघा कुरकुरला नाही. आठ. लोवेलच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण घडवलेलं काही इतकं ऐटीत चालताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

गाडीतून रेनाटा मात्र बाहेर येईना. खिडकीतून तिचा हात दिसला, पट्टा ओढणारा. पट्टा अडकला होता. माणसं आग विझवायच्या नळ्या घेऊन धावली, पण ज्वाळा त्यांच्यापेक्षा चपळ होत्या.

लोवेलची बोटं पेटीवर वेड्यासारखी पडत होती. कुठलं बटण दाबलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. यंत्र वळलं, ज्वाळांत वाकलं, दार उपटून बाजूला टाकलं. पट्टा तुटल्याचा आवाज झाला. मग पाळण्यातलं मूल उचलावं तसं त्याने रेनाटाला उचललं, दूर नेऊन मिठावर ठेवलं.

कुणी हललं नाही. पडल्यावर, भाजल्यावर स्टंट करणारा माणूस हात डोक्यावर ठेवतो. मी ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो हात वर येईपर्यंत टाळी वाजवायची नाही.

काजळीने माखलेला हात हळूहळू वर आला आणि रेनाटाच्या डोक्यावर टेकला.

तिच्याशेजारी उभ्या यंत्राचाही हात वर गेला आणि आपल्या डोक्यावर टेकला.

टाळ्या थांबेनात. प्रुइट लोवेलजवळ आला. 

"हे तू त्याला कधी शिकवलंस?"

लोवेलने एकदा हातातल्या पेटीकडे पाहिलं.

"झाले बरेच दिवस," तो म्हणाला.

प्रुइट म्हणाला की आता खुनी खुनी राहत नाही, गोष्टच बदलावी लागेल, आणि तो ती बदलणार. रेनाटाने स्ट्रेचरवरून निरोप धाडला, की खुन्याला तिच्या नावाने एक बीअर पाजावी.

तंबूत लोवेलने यंत्राला खुर्चीत बसवलं आणि खिशातून सुई काढली. प्रत्येक यंत्राच्या डाव्या तळव्यावर तो एक नखाएवढी पाकोळी कोरायचा. पण शेवटचा शॉट झाल्यावरच. काम पुरं व्हायच्या आधी सही करणं त्याला अपशकुनाचं वाटे.

त्याने तळवा उलटला. पाकोळी तिथे होती.

त्याचीच. शेपटीचा डावा काटा जरा आखूड, तसाच. पण रोज हात लागून लागून देव्हाऱ्यातला टाक गुळगुळीत व्हावा, तशी झिजलेली. लोवेलने तिच्यावरून अंगठा फिरवला. मग स्वतःशीच हसला. वयाची एकाहत्तर वर्षं झाली. कधी कोरली, तेही आठवू नये. त्याने सुई खिशात ठेवली आणि त्या लोखंडी हातावर आपला हात ठेवून बसला.

बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. ग्वेन खाली उडी मारून थेट तंबूच्या दाराशी आली. हात कोपरापर्यंत तेलाने काळे. घाटात रेडिएटर फुटला, फोन लागेना, उजाडेपर्यंत रात्र खुळखुळ्या सापांच्या शेजारी बसून काढली, असं सगळं तिने एका दमात सांगितलं.

"ए म्हाताऱ्या, शिव्या नंतर दे. शूटिंग रद्द केलं का रे त्यांनी? तुझी पेटी आहे तशी आहे. कुणाला हात लावू दिला नाही मी."

लोवेल उठला. तिच्या बाजूने बाहेर गेला, ट्रकवर चढला, पेटीच्या कड्या काढल्या. आत पेंढ्यावर यंत्र निजलं होतं. त्याने त्याचा डावा हात उचलला आणि उजेडात धरला.

तळवा कोरा होता.