लिहिलं, वाचलं, जुळलं

भिंगरावांनी पंपाची केबल उपटली, तरी पडद्यावर हिरवी ओळ आलीच: लिहिलं, वाचलं, जुळलं. त्यांनी पुन्हा चाचणी चालवली. पुन्हा हिरवी.

पंपच जोडलेला नाही, मग वाचलं कुठून? रुग्णाला औषध किती द्यायचं तो आकडा पंपात लिहायचा आणि पंपाकडून परत वाचून ताळा करायचा, एवढंच ड्रायव्हरचं, म्हणजे पंप चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम. पण ऑफिसातल्या 'नवी'ने लिहिलेला ड्रायव्हर पंपाला विचारतच नव्हता. लिहिलेल्या आकड्याची आपल्याकडची नक्कल वाचून दाखवत होता.

भिंगरावांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बारीकशीही चूक सुटत नाही म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव ठेवलेलं. बावीस वर्षं ड्रायव्हर त्यांनीच लिहिले. या वेळी साहेबांनी ते काम दोन वर्षांपूर्वी आलेल्या, अजून सगळे 'नवी'च म्हणत त्या पोरीला दिलं आणि यांना बसवलं तपासायला. तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखत होतं. साहेब तिला "छान" म्हणाले की यांना जेवण जात नसे.

नवी डबा आवरून आली. "सर, काही सापडलं का? सांगा हं. उद्या हॉस्पिटलच्या डॉक्टरबाई खरेदीआधी पंप बघायला येतायत, आज बसून दुरुस्त करते."

"काही नाही गं. झकास आहे," भिंगराव म्हणाले. कागदावर 'तपासले, ठीक' लिहून त्यांनी सही ठोकली. उद्या चारचौघांत तिचं पितळ उघडं पडू दे.

पडलं. डॉक्टरबाईंनी पंप हातात घेतला, उलटासुलटा केला आणि सहज केबल काढली. पडद्यावर हिरवी ओळ.

"पंप जोडलेलाच नाही, आणि हे म्हणतंय औषध चालू आहे?" त्यांनी पर्स उचलली. दाराशीही थांबल्या नाहीत.

नवी पांढरीफटक पडली. भिंगरावांनी चेहऱ्यावर हळहळ आणली. आतून मात्र त्यांना गारगार वाटत होतं. साहेब उठले. आता तिची खरडपट्टी निघणार!

साहेब तिच्या खुर्चीजवळून पुढे गेले आणि तपासणीचा कागद घेऊन भिंगरावांसमोर उभे राहिले.

"ती शिकतेय, चुकणारच होती," ते हळू आवाजात म्हणाले. "ड्रायव्हर काय, कुणीही लिहील हो. ज्याच्या सहीवर डोळे झाकून विसंबावं असा माणूस माझ्याकडे एकच होता, म्हणून तपासणी तुम्हाला दिली होती."