व्याह्यांचे टायर

"नवे नकोत, नव्यासारखे दाखवा," मोरोपंत वकील म्हणाले, तेव्हा अकोल्याच्या टायरवाल्या ओमप्रकाशनं गल्ल्यावरून उठून मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

अनुपमा बाहेर मॉरिस गाडीतच बसली होती, शालूचा खोका मांडीवर घेऊन. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. शालू अकोल्यालाच घ्यायचा, असा हट्ट बाबांनी का धरला ते तिला आत्ता कळलं. अमरावतीत टायर घेतले असते तर दिवेलागणीच्या आत व्याह्यांना खबर लागली असती.

व्याह्यांनी आधी रोकड मागितली, मग सोनं, मग वकिलांची ही मॉरिस. हुंड्याविरुद्ध कायदा होऊन वर्ष झालं होतं, म्हणून या सगळ्याला भेट म्हणायचं ठरलं. परवा त्यांचा निरोप आला, की गाडीचे टायर गुळगुळीत झालेत, चारही नवे घालून द्या. त्या दिवशी मोरोपंत जेवले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांचे दावे जिंकणारा माणूस स्वतःच्या बैठकीत रोज हरत होता, आणि अनुपमाला त्यांची खरोखर दया येत होती.

ओमप्रकाशनं टायर एकेक करत गडगडवत बाहेर आणले. काळेभोर, खोल नक्षीचे.

"हे पहा साहेब, मी लपवून माल विकत नाही. जुन्या टायरवर रबर चढवेल आहे. चारांमागं तीनशे रुपये वाचून राहिले तुमचे. गावात चालवा, दोन साल पाहाचं काम नाही."

"बाजूनं ओळखू येतात का?"

"पॉलिश मारून देतो ना. मिस्त्रीले बी समजत नाही."

मोरोपंतांचा चेहरा किती दिवसांनी खुलला. "सराफ बसवून सोनं तपासून घेतलं त्या माणसानं," ते म्हणाले. "आता टायर तपास म्हणावं!"

जॅक लावता लावता देवराव ड्रायव्हर थांबला. बारा वर्षं तो ही गाडी चालवत होता.

"वकीलसाहेब, दोन तरी नवे घ्या. समोर टाकतो. हे रबर तापलं का सालटं निंघते त्याचं."

"गाडी आता त्यांची झाली, देवराव. आपण मांडवापर्यंत पोचवायची. पुढचं त्यांचं ते बघतील."

"पण ताई..." देवराव म्हणाला आणि पुन्हा जॅककडे वळला.

मांडवानंतर त्यांचं होणारं आणखी एक माणूस गाडीत बसलं होतं. त्याला सगळं ऐकू येत होतं.

ओमप्रकाशनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "गाडी चालन कुठं, साहेब? रस्ता सपाट असन त काही फिकर नाही. पण घाटात नका नेऊ बाप्पा. उतारावर टायर फाटलं त गाडी आवरत नाही. मी आधीच सांगून देतो."

अनुपमानं मान वर केली. तिचा होणारा नवरा, चिंतामण, धारणीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होता, आणि लग्नानंतर गाडी तिकडंच जाणार होती. परतवाडा सोडलं की धारणीपर्यंत नुसता घाट आणि जंगल. बाबांनीच तो रस्ता तिला नकाशावर बोट फिरवून दाखवला होता. आता सांगतील, तिला वाटलं. नाइलाजानं का होईना, पण सांगतील.

मोरोपंत क्षणभर थांबले. गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"घाट कुठला आलाय?" ते म्हणाले. "गावातल्या गावात. फार तर बडनेऱ्याचं स्टेशन."

त्यांच्या लक्षातच आलं नसतं तर तिनं मनातल्या मनात सोडून दिलं असतं. माणूस घाईत असतो, चिडलेला असतो. पण ते थांबले होते. तेवढ्या वेळात त्यांना सगळं आठवलं होतं, धारणी, घाट, ती स्वतः. आणि मग त्यांनी उत्तर दिलं होतं.

चारही चाकं चढली. मोरोपंतांनी चाकांखाली ठेवायला लिंबं मागितली.

"लिंबू आम्ही नव्या टायरलेच देतो, साहेब," ओमप्रकाश म्हणाला आणि पैसे मोजत आत गेला.

मोरोपंत स्वतः रस्ता ओलांडून गेले, भाजीवालीशी घासाघीस करून चार लिंबं घेऊन आले, आणि धोतर सावरत वाकून त्यांनी ती चाकांखाली ठेवली. गाडी त्यांवरून गेली. देवरावानं हात जोडले नाहीत.

मूर्तिजापूर मागं पडलं तसे मोरोपंत आणखी खुशीत आले. पुढच्या सीटवरून मागं वळून म्हणाले, "अनू, दिवाळसणाला दोघं याच गाडीनं या बरं का. ऐटीत येऊ दे जावयाला."

"आम्ही एस.टी.नं येऊ, बाबा."

"वेडी आहेस का? दारात गाडी असताना?" ते हसले. "आणि टायर तर नवे आहेत."

देवरावानं आरशातून एकदा अनुपमाकडे पाहिलं. रस्ता सरळ होता, मोकळा होता, भरपूर उजेड होता. त्यानं गाडीचा वेग कमी केला.