तिसरा बेस

जावयाला लेकीचं माहेरी फोन करणं खपत नसे, म्हणून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नानांचं तिच्याशी बोलणं उरलं ते मोबाईलवर दोघं एकमेकांविरुद्ध खेळत त्या बेसबॉलमधल्या निरोपांपुरतं. तीन बेस, म्हणजे थांबे, ओलांडून खेळाडू घरी पोचला की धाव. त्याला पळवायचं की थांबवायचं, एवढंच ती विचारायची. भित्र्या नानांचं उत्तर ठरलेलं, "थांब, बाद होईल."

आज दुपारी नाना दुकानात खेळत असताना तिचा निरोप आला, "नाना, तिसऱ्या बेसवर अडकलेय. घरी पळू का?"

नाना नेहमीचं उत्तर लिहिणार, तोच त्यांचं लक्ष पडद्यावरच्या खेळाकडे गेलं. फलंदाजी तर त्यांची चालू होती. तिचा एकही खेळाडू धावत नव्हता.



त्यांनी लिहिलं, "पळ!" आणि दुकान उघडंच टाकून गाडी तिच्या गल्लीकडे पिटाळली.