बारावा आक्षेप

“हॉटेलचा फिरता दरवाजा,” कुलूपवाला म्हणाला. “त्याला माझा आक्षेप आहे.”

नगररचना कचेरीतल्या मॅडमनी चष्मा नीट केला आणि टेबलावरचा नकाशा त्याच्याकडे वळवला. निळ्या रेघांत अधिवेशन केंद्र, लाल रेघांत त्याला खेटून अठरा मजली हॉटेल, मध्ये दोघांना जोडणारा काचेचा पूल. आणि पार खाली, गल्लीच्या तोंडाशी, टाचणीच्या डोक्याएवढं त्याचं किल्ल्यांचं दुकान.

“फिरत्या दरवाजाने काय बिघडतं?”

“त्याला कुलूप कुठे लावणार?”

मॅडमनी ओठ घट्ट मिटले, पण हसू डोळ्यांतून निसटलंच. तरी त्यांनी गंभीरपणे नोंद केली: आक्षेप क्रमांक बारा.

पहिला आक्षेप अगदी खरा होता. हॉटेलचा माल उतरवायची जागा नेमकी त्याच्या दुकानासमोर दाखवली होती. ट्रक उभा राहिला असता, तर गिऱ्हाइकाला खिडकीतून आत घ्यावं लागलं असतं. आठवड्याभरात पत्र आलं, मंगळवारी अकरा वाजता समक्ष हजर राहावे. हा बाह्या सरसावून भांडायला गेला. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं, माल उतरवायची जागा मागच्या रस्त्याला हलवायचं कबूल केलं आणि वर चहा पाजला. पन्नाशी ओलांडलेला, जन्मभर दुसऱ्यांची कुलपं उघडत आलेला हा गडी त्या दिवशी शीळ घालत घरी आला.

“झालं ना तुझं काम?” ताईने विचारलं होतं.

“एक झालं. अजून एक आक्षेप आहे.”

मग काय, आक्षेपांना ऊतच आला. पुलाच्या काचा दुपारी डोळ्यांवर चमकतील. हॉटेलच्या सावलीने दुकानातली कुंडी सुकेल. किल्ल्यांऐवजी कार्डं देणार म्हणजे पाहुण्याच्या हाताला खोलीचं वजनच कळणार नाही. दर पंधरवड्याला हा अर्ज टाकायचा, आणि दर वेळी त्याच वळणदार अक्षरात बोलावणं यायचं.

“सरकारी पत्रं हल्ली हाताने लिहितात वाटतं?” ताई म्हणाली.

“यंत्र बिघडलं असेल.”

“सहा महिने?”

“सरकारी यंत्र आहे, ताई.”

मंगळवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला की ताई दारातूनच ओरडायची, “आज तरी बोल रे बाबा!” पण त्या खोलीत पाऊल टाकलं की कुलूपवाल्याच्याच तोंडाला कुलूप लागायचं. त्याला मॅडम आवडल्या होत्या, अगदी मनापासून आवडल्या होत्या, आणि नकाशा सोडून दुसरा विषय काढायची त्याची छाती होत नव्हती. आपण कामात असलेल्या मॅडमचा वेळ उगाच खातो, ही बोचही त्याला होतीच.

निदान गर्दी तरी नव्हती. कचेरीबाहेरच्या फलकावर आक्षेप घेणारे एकूण तीनशे तेरा असं लिहिलेलं, पण बाहेरच्या बाकावर बसलेला तो कायम एकटा. त्याच्या दुकानाशेजारच्या बेकरीवाल्या काकूंनीही हॉटेलच्या धुराड्यावर आक्षेप घेतला होता, पण त्या कधी दिसल्या नाहीत. लोकांना चिकाटीच नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

“उद्या आराखडा मंजुरीला जातो,” बारावा आक्षेप लिहून झाल्यावर मॅडम म्हणाल्या. त्यांनी चहाचा कप त्याच्या पुढे सरकवला. दोन चमचे साखर आधीच घातलेली होती. “मग ही फाइल बंद.”

“हो. चांगलं झालं. म्हणजे केंद्र चांगलं होईल.”

“आणखी काही आक्षेप?”

त्याने आरशापुढे घोटलेलं वाक्य आठवून पाहिलं. पहिला शब्द सापडला, पुढचे सगळे पसार.

“नाही,” तो म्हणाला. “आता काही नाही.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “बघा विचार करून. पाच वाजेपर्यंत मी आहे.”

“नाही, मॅडम. तुम्हाला फार त्रास दिला.”

तो बाहेर आला. सहा महिन्यांचे मंगळवार संपले होते, आणि ताईला काय तोंड दाखवायचं हा प्रश्न वेगळाच.

“अहो, बरे भेटलात!” पॅसेजच्या टोकाकडून टपाल सांभाळणारे काका धावत आले. “कपाट अडलंय सकाळपासून. किल्ली फिरतच नाही. आजच्या टपालाचा सगळा गठ्ठा आत.”

हातचं काम ते हातचं काम. त्याने खिशातली पातळ तार काढली, कान लावला, दोनदा फिरवली. कपाट उघडलं. आत छापील पत्त्यांची पाकिटं रचून ठेवलेली, आणि सगळ्यांत वर बेकरीवाल्या काकूंचा पत्ता.

“हे काय?”

“त्यांच्या आक्षेपाचं उत्तर. धुराडं उंच करणार म्हणे.” काका शिक्का शोधू लागले. “तीनशे बारा उत्तरं जायची होती. हा शेवटचा गठ्ठा.”

“पण सुनावणी? काकूंना बोलावलं नाही?”

“कसली सुनावणी? आक्षेपाचं उत्तर टपालानेच जातं, तसा नियमच आहे.” काकांनी पहिल्या पाकिटावर शिक्का मारला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “एकतीस वर्षं झाली मला इथे. आक्षेपासाठी समक्ष बोलावलेला माणूस मी आजवर एकच पाहिलाय.”