अठरा पूर्ण

खंडेनवमीच्या पूजेला नवी सुरी घ्यायला गेलेल्या सुचेताला ब्रिस्टलच्या दुकानात सेल्फ-चेकआउटच्या यंत्रानं अडवलं: वय अठरा पूर्ण आहे का? साठी उलटलेली, पांढऱ्या केसांची ही बाई लाल दिव्याखाली दहा मिनिटं ताटकळली, तेव्हा कुठे तिथली पोरगी येऊन बटण दाबून गेली. चडफडत बाहेर येते तोच टेक्सासमधल्या, पंधरा वर्षांनी धाकट्या भावानं पूजेचा फोटो पाठवला: पाटावर झेंडू आणि मधोमध हळदकुंकू लावलेलं पिस्तूल. तिनं तडक फोनच लावला. “परीक्षित, घरात लहान मूल आहे रे!” “ताई, हक्क आहे तो आमचा इथे. आणि आज शस्त्रपूजाच ना?” “हक्काला कोण नाही म्हणतंय? पण कुलपात तरी ठेवतोस का?” “ठेवतो गं, कितीदा विचारशील! आणि बघ, सगळी पूजा लेकीनं एकटीनं मांडलीय, आम्ही उठायच्या आधीच.” भाचीला परवाच सहावं लागलं होतं.