ठोक्यामागची फुसफुस

“परत ऐक,” सर म्हणाले.

वाल्मीकने स्टेथोस्कोप पुन्हा कानाला लावला. खाटेवरची बाई पदर कपाळाखाली ओढून, मान खाली घालून बसली होती. चोळीच्या आत काळ्या दोऱ्यात ओवलेलं काहीतरी चांदीचं होतं, ते नळीच्या चकतीला टकटक लागत होतं. कुठलातरी देव असेल म्हणून त्याने ते चोळीवरूनच हलकेच बाजूला सारलं आणि श्वास रोखून ऐकलं. ठोका स्वच्छ पडत होता, एका चालीत.

“मला फुसफुस ऐकू येत नाही, सर.”

मागे उभी असलेली अकरा मुलं हसली.

पौडच्या शाळेला मे महिन्याची सुट्टी, म्हणून मेडिकल कॉलेजचं शिबिर तिथे भरलं होतं. साल अठ्ठावन्न. दोन वर्षं मढी कापून आणि जाडजूड पुस्तकं घोकून ही बारा मुलं आता जिवंत माणसाला हात लावायला निघाली होती. जूनपासून वर्षभर पाळीपाळीने मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, लहान मुलं असे वॉर्ड होते. त्याआधी सर त्यांचे कान तयार करून घेत. ज्याचा कान तयार नाही त्याने वर्षभर घरी बसावं, हा सरांचा नियम, आणि तो मोडायची कॉलेजात कुणाची छाती नव्हती.

दुसरा नियम असा, की रोग्याला काही विचारायचं नाही. विचारलं की तो रामायण सांगत बसतो, छाती तेवढी मुद्द्याचं बोलते, असं सरांचं म्हणणं. शिवाय कागद होताच. ‘सारजाबाई बहिरू, मुक्काम उरवडे. हृदयाची झडप खराब. ठोक्यामागे फुसफुस.’ गेल्या मे महिन्यात सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला. यंदा नथू शिपायाला उरवड्याला पिटाळून त्यांनी बहिरूच्या बायकोला बोलावून घेतलं होतं. “मी माणसाचा चेहरा विसरेन, काळीज विसरणार नाही,” असं सर मोठ्या तोऱ्यात सांगत.

बाई आली ती तीन कोस चालत, डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन. पाटी उतरवली आणि सरळ खाटेवर बसली. धाप नाही की घाम नाही. वाल्मीकला तेव्हाच नवल वाटलं होतं, पण कागद सरांचा होता.

मग एकेकाने ऐकलं. एकाला फुसफुस चहाच्या किटलीसारखी वाटली, दुसऱ्याला भात्यासारखी. तिसऱ्याने तर ती पाठीतसुद्धा ऐकली, त्याला शाबासकी मिळाली. सरांनी स्वतः नळी लावली, डोळे मिटले, मान डोलावली. बाईच्या डोक्यावरून ते मुलांना म्हणाले, “चार-पाच वर्षं काढली तरी पुष्कळ.” बाईने पदर आणखी खाली ओढला.

उरला वाल्मीक, दोनदा ऐकूनही नाहीच म्हणणारा.

“माणचा ना तू?” सरांनी विचारलं. “कान मळ्यातच ठेवून आलास वाटतं.”

पुन्हा हशा पिकला. मग सर जरा मऊ झाले. ‘फुसफुस आहे’ एवढे दोन शब्द वहीत लिही, विषय संपला, असं त्यांनी समजुतीने सांगितलं. शेजारच्या मुलाने कोपर ढोसलं, लिही की लेका.

वाल्मीकला बाप आठवला. गेणबाने सगळ्या माण गावाला सांगून ठेवलं होतं, की जूनपासून पोरगं मोठ्या दवाखान्यात जाणार. घराण्यात सातवीपुढे गेलेला हा पहिलाच. दोन शब्दांत वर्ष वाचत होतं. त्याने पेन उघडलं, आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

“जे ऐकलं नाही ते लिहिणार नाही, सर.”

“अकरा जणांनी ऐकलंय. मी ऐकलंय.”

“असेल. माझे कान माझ्यापाशी आहेत. आज इथे खोटं लिहिलं तर उद्या वॉर्डातही लिहीन.”

सरांनी यादी पुढे ओढली आणि लाल पेन्सिलीने त्याचं नाव खोडलं. पुढच्या जूनला भेटू, म्हणाले.

वाल्मीक वही घेऊन बाहेर पडला. मान ताठ होती. आता त्याला कुठलाच नियम उरला नव्हता.

लिंबाखाली बाई पाटी पुढ्यात घेऊन नुसतीच बसून होती. त्याला पाहून उठली.

“दादा, माजं काळीज लई खराब हाय व्हय?”

दोन वर्षं कॉलेजात दाबून ठेवलेली बोली त्याच्या तोंडून आपसूक बाहेर पडली. “तुमास्नी दम कवापासून लागतोय?”

“मला? डोंगर चढून करवंदं आनलीत म्या सकाळी. कवाच न्हाई लागत.”

“ल्हानपनी सांधे सुजलेलं? ताप?”

“न्हाई बा.”

त्याने वही उघडली. कागदावरचं जसंच्या तसं उतरवून घेतलेलं होतं. “सारजाबाई बहिरू,” त्याने वाचलं. “मुक्काम उरवडे. तुमचंच न्हवं ह्ये?”

बाईने पहिल्यांदाच पदर मागे सारला. विशीतली असेल. तिने चोळीतून तो काळा दोरा बाहेर ओढला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. असाच एक वाल्मीकच्या चुलतीच्या गळ्यात होता. मेलेल्या सवतीचा टाक. दुसरेपणावर दिलेल्या बायकोने तो जन्मभर घालायचा.

“सारजाबाई ही,” ती म्हणाली. “दिवाळीला गेली. मी साळूबाई.”