मात झाल्यावर

ग्रँडमास्टर सरांचा वजीर मुक्ताने मटकावला आणि दोरीपलीकडे उभ्या तिच्या आईने, वृंदाने, खुशीत शेजारच्या बाईंचा हात दाबला. सर एकटेच वीस मुलांशी खेळत होते. आता फक्त मुक्ताचाच पट उरला होता.

“हुरळून नका जाऊ,” बाई म्हणाल्या, “वजीर फुकट कोण देतं?”

तेच झालं. सरांचा घोडा उडी मारून आला, हत्ती सरसावला आणि मुक्ताचा राजा कोपऱ्यात कोंडला. मात!

गेल्या खेपेला हरल्यावर पोरीने सोंगट्या भिरकावल्या होत्या, दिवाळीपर्यंत पटाला शिवली नव्हती. आता बुद्धिबळ कायमचंच सुटणार, वृंदाला वाटलं.

मुक्ता पटाकडे बघत राहिली. मग तिने चक्क टाळ्या वाजवल्या आणि निघालेल्या सरांची बाही धरली. “कसलं भारी, सर! परत लावून दाखवा ना.”

“अगं, हरलीस तू. रडू नाही आलं?”

“येईल ना घरी गेल्यावर. आधी तो घोडा दाखवा.”

सर खुर्ची ओढून बसले. सोंगट्या लावताना पालकांकडे वळले, “कुणाची हो ही?”

“माझी!” वृंदा जरा मोठ्यानेच म्हणाली.